सा हलता कामा नये

गाळप हंगाम सुरू झाला की अकलूजच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर येतात आणि त्यांच्याबरोबर गाणी येतात. मागं दोन ट्रॉल्या, ऊस बाजूनं लोंबलेला, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं बांधलेले स्पीकर अख्ख्या आळीला ऐकू जातील असे लावलेले. आमचं घर यशवंतनगरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत. रांग लागली की एकेक ट्रॅक्टर दारासमोर बराच वेळ उभा राहायचा. मी दहावीत असताना अशाच एका थांबलेल्या ट्रॅक्टरवर ‘कर्ज’मधलं ‘एक हसीना थी’ लागलं होतं. शब्दांच्या आधी जी गिटार वाजते, ती ऐकून मी दप्तर हातात तसंच धरून उभी राहिले. गाणारा माणूस मला माहीत होता. हे जे वाजत होतं ते काय, तेच कळत नव्हतं.

मामाला विचारलं. मामाला गाण्यातलं फारसं कळायचं नाही, पण भाचीला काहीतरी हवंय हे लगेच कळायचं. त्या हंगामात त्याच्या उसाचा पहिला हप्ता जमा झाला तेव्हा तो सोलापूरला गेला आणि कोलकात्यात बनलेली एक इलेक्ट्रिक गिटार, तिच्याबरोबरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि तारांचं जास्तीचं पाकीट घेऊन एसटीनं परत आला. घरात कुजबुज झाली. पोरीच्या हातात गिटार कशाला, तेवढ्या पैशात कानातलं झालं असतं. मामा ओसरीवर बसून पायातली चप्पल काढत एवढंच म्हणाला, “ऊस माझा, भाची माझी.” विषय तिथं संपला. त्या पैशांची गोष्ट त्यानं पुन्हा कधी काढली नाही आणि मलाही काढू दिली नाही.

गेल्या वर्षी मी नवी गिटार घेतली. ती घेताना कुठली लाकडं, कुठले पिकअप, केवढी लांबी हे सगळं मी कागदावर मांडलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकवते, मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पण त्या कागदावरची प्रत्येक ओळ मला कुणी ना कुणी दिलेली होती. ती माणसं इथं नावानं येणार नाहीत, त्यातल्या बहुतेकांनी तसं सांगितलंय. पण त्यांचं माझ्याकडं काय येणं आहे ते लिहून ठेवायचंय.

पहिले ऑर्केस्ट्राचे मास्तर. जत्रांमध्ये, लग्नाच्या वराती संपल्यावर, गणपतीत त्यांचा ऑर्केस्ट्रा वाजायचा. ते स्वतः अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे आणि गरज पडली तर बेंजोही. गिटारचा त्यांचा हात जेमतेम होता, तरी त्यांनी मला शिकवलं, ते पेटीवरून. सा-ग-प एकदम दाबले की काय होतं, ग कोमल केला की काय बदलतं, हे आधी पेटीवर कानात घालायचं आणि मग गिटारीवर शोधायचं. बोटं कुठं ठेवायची याचे तक्ते मला खूप उशिरा मिळाले. तोवर कान तयार झाला होता. मुलगी आहे म्हणून कार्यक्रमांना नेताना काकूंना ते बरोबर घ्यायचे. काकू स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून स्वेटर विणत बसायच्या आणि रात्री एकच्या पुढं कार्यक्रम गेला की मास्तरांना हातानंच खूण करायच्या.

मास्तरांची एक अट होती. गाणं बसवायच्या आधी त्यात गिटार कुणी वाजवलीय ते सांगायचं. गायकाचं, संगीतकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं; जो पडद्यावरही दिसत नाही आणि कॅसेटच्या खोक्यावरही नाही, त्याच्या बोटांचं आपण खातो. म्हणून मला समजलं की ‘एक हसीना थी’मधली ती गिटार गोरख शर्मांची, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातल्या प्यारेलालजींच्या भावाची. ‘दम मारो दम’मध्ये वाजवणारे भूपिंदर सिंग, ज्यांना लोक गझल गायक म्हणून ओळखतात. ‘अमर प्रेम’मधल्या ‘चिंगारी कोई भडके’च्या सुरुवातीला जे छेडलं जातं ते भानू गुप्तांचं. ही नावं मी पाढ्यांसारखी पाठ केली. आजही एखादं गाणं आवडलं की माझं मन आधी वादकाच्या शोधाला लागतं. ही सवय मास्तरांची.

पुढं पुण्याला शिकायला गेले आणि आवड पार पालटली. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत शिलाँगची एक मुलगी राहायची. शिलाँगमध्ये रॉक आणि ब्लूज घराघरांत ऐकतात, हे मला तिच्यामुळं कळलं. तिच्याकडं कॅसेटची पेटी होती. आयर्न मेडन, मेटॅलिका, आणि रात्री उशिरा लावायला ब्लूजवाले. एक हेडफोन दोघींत वाटून आम्ही ऐकायचो. मला त्या वेगानं झपाटलं. मामाची गिटार त्या वेगाला पुरेना. तिच्या तारा पट्टीपासून उंच होत्या आणि जोरात वाजवलं की अ‍ॅम्प्लिफायर कुईं करायचा. शेवटच्या वर्षी घरी परत जाताना मैत्रिणीनं तिची आयबानेझ गिटार मला दिली. पैसे घेतले ते नावाला, माझा मान राहावा म्हणून. पातळ मान, जाड चुंबकांचे दणदणीत पिकअप, आणि फ्लॉइड रोझ पद्धतीचा तरंगता ब्रिज. त्या ब्रिजला एक दांडी असते. दांडी दाबली की सगळे सूर एकदम खाली कोसळतात आणि सोडली की जागेवर येतात. त्या वयात मला याहून सुंदर काही वाटत नव्हतं, आणि खरोखरच त्या संगीतासाठी तिच्याहून चांगलं वाद्य मला मिळालं नसतं.

नोकरी लागली ती अकलूजलाच. ते दिवस भारनियमनाचे होते. दिवसातून कितीतरी तास वीज नसायची आणि आली तरी बल्ब कधी पिवळा, कधी भगभगीत. विजेवरची गिटार आणि वीज नाही, अशी संध्याकाळमागून संध्याकाळ मी तारा नुसत्याच वाजवल्या. त्यात एक भीती होती. वीज असली की तारेला बोट लावताच मुंग्या यायच्या. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा ब्रिजमधून एका वायरीनं अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणूनच तारेवर हात ठेवला की घरघर कमी होते. पण घरालाच अर्थिंग नसेल, आणि जुन्या घरांना ते बहुधा नसतंच, तर ती वायर कुठंच पोचत नाही. मग गळतीचा प्रवाह वाजवणाऱ्याच्या हातातून वाट शोधतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वाजवणाऱ्यानं यात जीवही गमावलेला आहे.

आमच्या आळीतल्या वायरमननं हे एकदा दारातून जाताना ऐकलं. घरघर ऐकली, असं म्हणायला हवं. आत आला, प्लगची वरची जाड पिन कापलेली पाहिली आणि मला त्यानं वाजवणं थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पहार घेऊन हजर. परसात खड्डा खणला, तळाशी पत्र्याची प्लेट उभी केली, कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, प्लेटपासून वायर काढून थेट माझ्या खोलीतल्या बोर्डापर्यंत आणली आणि वर पाणी घालायला पाइपचा तुकडा सोडला. “उन्हाळ्यात हिथं रोज तांब्याभर पाणी घालायचं ताई, तुळशीला घालता तसं.” कोळशाचे आणि मिठाचे पैसे घेतले. मजुरी विचारली तर म्हणाला, “मग एखादं गाणं ऐकवा की, पण हात बसू द्या आधी.” अर्थिंग कसं चालतं हे मी वर्गात कित्येकदा फळ्यावर काढलं होतं. माझ्या जिवाशी त्याचा संबंध त्यानं जोडून दिला. मे महिन्यात पाइपात पाणी ओतायचं आजही चुकत नाही.

आता अक्कांकडं येते, कारण नवी गिटार घ्यायची वेळ त्यांच्यामुळं आली.

माझ्या बारावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आत्या म्हणजे अक्का. त्या लावणी गायच्या, आधी ढोलकी फडात आणि नंतर संगीत बारीत, मोडनिंबकडं. अकलूजच्या लावणी स्पर्धेचं नाव महाराष्ट्रभर झालं तेव्हा अक्का ऐन भरात होत्या. आता गुडघे गेले, नाचणं सुटलं, गळा मात्र तसाच. मुलीला पोचवायला म्हणून एकदा घरी गेले तर ओट्यावर बसून त्या शेंगा फोडत होत्या आणि फोडता फोडता एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. प्रत्येक वेळी तीच ओळ, आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ निराळा. एकदा रुसवा, एकदा लाडीगोडी, एकदा सरळ धमकी. शब्द तेच, चाल तीच. बदलत होतं ते एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं कसं, एवढंच. बैठकीच्या लावणीत अदा करतात ती अशी गळ्यानंही करता येते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मेटॅलिकाचा वेग, मास्तरांची सिनेमातली गाणी, सगळं मला त्या ओट्यावर एकाएकी लांबचं वाटलं. मला हे वाजवायचं होतं.

अक्कांना गिटार ठाऊक होती, पण त्यांच्या कामाची वाटत नव्हती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “तुझ्या गिटारीला तुणतुणं होता येतंय का?”

फडात गायिकेच्या मागं झीलकरी उभे असतात आणि त्यातल्या एकाच्या हातात तुणतुणं. लाकडी नळकांडं, खाली कातडं, बाजूला बांबू आणि एकच तार. ती तार सगळी रात्र सा धरून ठेवते. बाईनं कुठंही जावं, कितीही लांब जावं, परतायला घर जागेवर असतं. आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते, माने विद्यालयाच्या मैदानावर रिंगण होतं, तेव्हा दिंडीतला वीणेकरी हेच करत असतो. टाळ-मृदंगाचा कल्लोळ सुरू असताना त्याची वीणा एकाच सुरावर. मामा वारी करायचा, त्यामुळं वीणेकऱ्याला खांद्यावरची वीणा खाली ठेवता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत. अक्कांचा प्रश्न त्यामुळं लगेच उमगला. एका मोकळ्या तारेवर सा ठेवायचा आणि दुसऱ्या तारेवर, बोटानं तार ओढून, त्यांच्या गळ्यासारखी मींड काढायची.

आयबानेझ घेऊन बसले. सा वाजवला, वरच्या तारेवर रे धरला आणि तार ओढत गंधाराकडं निघाले. अक्कांनी लगेच हात वर केला. “थांब. तुझा सा हलतोय गं.”

हलत होता. तरंगता ब्रिज एका बाजूनं तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. एक तार ओढली की एकूण ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढं कलतो आणि बाकीच्या तारा सैल पडतात. ज्या क्षणी मी मींड घेत होते त्याच क्षणी माझा सा खाली सरकत होता. रॉकमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथं मोकळी तार अशी धरून ठेवत नाहीत. अक्कांचं सगळं आयुष्य त्या एका सुराला टेकून गेलेलं. त्यांना ते पहिल्याच ओळीत खुपलं.

मग कागदावर ओळी उमटायला लागल्या. ब्रिज पक्का हवा, ही पहिली. दुसरी तारेच्या लांबीची. फेंडरच्या गिटारींची लांबी साधारण साडेपंचवीस इंच असते, गिब्सन पद्धतीच्या गिटारींची पावणेपंचवीस. त्याच सुराला, त्याच जाडीच्या तारेला ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो. म्हणजे आखूड गिटारीवर तो जवळजवळ सहा टक्क्यांनी कमी. अक्का काळी चारमध्ये गातात. सगळी गिटार अर्ध्या सुरानं उतरवली तर मोकळी ‘ए’ची तार नेमकी काळी चार होते आणि ताण आणखी अकरा टक्क्यांच्या आसपास उतरतो. ओढायला तार मऊ आणि सा मोकळ्या तारेवर, दोन्ही एकदम जमतं. तिसरी ओळ वायरमनची. एकेरी कॉइलचे पिकअप घरातल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतात. गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास दोन कॉइल उलटसुलट जोडून ती घरघर एकमेकींत खोडून टाकली, तेच हंबकर. घरी अर्थिंग आहे, पण गावोगावच्या मंडपात ते कुठून असणार? चौथी ओळ भारनियमनाच्या संध्याकाळांची. वीज नसतानाही वाद्य ऐकू यावं.

अक्कांना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला जायचं होतं. येताना दुकानात गेलो. दुकानातला मुलगा चांगला होता; त्यानं आजींना स्टूल दिलं, पाणी दिलं. मला भिंतीवरची आकाशी स्ट्रॅटोकॅस्टर खुणावत होती. 1954 पासून तिचा घाट फारसा बदललेला नाही आणि बदलू नयेच, इतकी ती हातात बसते. पण तिचाही ब्रिज स्प्रिंगांवर. ठोकळा घालून तो पक्का करता येतो, मुलानं सांगितलं. अक्का काही बोलल्या नाहीत. मग टेलिकास्टर घेतली. सा खिळ्यासारखा घट्ट. मी मींड काढली, अक्का हळू आवाजात त्या ओळीवर आल्या, आणि अर्ध्यात थांबल्या.

“सूर चांगलाय. पण ही माझ्या अंगावर येतेय.”

मी पुन्हा ऐकलं आणि मला पटलं. टेलिकास्टरचा आवाज टोकदार, वरच्या पट्टीत चकाकणारा. अक्कांचा गळाही तिथंच चकाकतो, वर मंजिरी आणि ढोलकीची चाट. एकाच जागेत सगळे उभे राहिले तर गायिकेला उभं राहायला जागा उरत नाही. स्वतः उत्तम वाजणं आणि दुसऱ्याच्या शेजारी उत्तम वाजणं यांत फरक आहे. मी एकटी दुकानात गेले असते तर ती टेलिकास्टर घेऊन आनंदानं घरी आले असते.

शेवटी एक एपिफोन खाली उतरवली, गिब्सनच्या ईएस 335 च्या घाटाची, चेरी रंगाची. हा घाट 1958 चा. कडेनं पोकळ, दोन बाजूंना व्हायोलिनसारखी छिद्रं, पण मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, म्हणून पूर्ण पोकळ गिटारीसारखी ती स्पीकरसमोर किंचाळत नाही. पक्का ब्रिज, आखूड लांबी, हंबकर. मुलगा वायर जोडायला लागला तर अक्का म्हणाल्या, “आधी विजेबिगर.” मी तशीच वाजवली. दुकानाबाहेर रस्ता वाहत होता, तरी अक्कांपर्यंत सूर पोचत होता. मग वायर जोडली, मानेकडचा पिकअप घेतला, टोनची कळ निम्म्यावर आणली, तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या. सा. वरच्या तारेवर रे. अक्कांनी ओळ उचलली आणि या वेळी त्या थांबल्या नाहीत. मुलानं दुकानातलं दुसरं संगीत आपणहून बंद केलं.

लोक विचारतात, मग आधीच्या दोन्हींचं काय केलं? मामाची गिटार घरात आहे, तिच्या तारा खाली करून घेतल्या आणि अक्कांची भाची तिच्यावर शिकते. मास्तरांच्या पद्धतीनं, आधी पेटी, मग गिटार, आणि आधी वादकाचं नाव. आयबानेझ शिलाँगला परत पाठवायचं मी मैत्रिणीला कळवलं तर तिनं दटावलं. मग ती गावातल्या एका मुलाला दिली. तो मेटल वाजवतो, दांडी दाबतो, सूर कोसळवतो. त्याचे वडील उसाचा ट्रॅक्टर चालवतात. पैसे घेतले ते नावाला.

शनिवारी अक्का येतात. अजून एका गोष्टीवर आमचं काम चाललंय. गिटारीच्या पट्ट्या पेटीसारख्याच समान स्वरांतरांवर बसवलेल्या असतात, त्यामुळं पट्टीवरचा शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा चौदा सेंटनं, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्यानं, चढा असतो. जॉन मॅक्लॉफ्लिननं ‘शक्ती’त झाकिर हुसेनांबरोबर वाजवताना गिटारीच्या पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं होतं, तार सहज ओढता यावी म्हणून. माझ्याकडं तसं काही नाही, बोट आहे. रेच्या पट्टीवरून तार ओढत वर जायचं आणि पट्टीचा गंधार येण्याच्या जरा अलीकडं थांबायचं. कुठं, ते तक्ता सांगतो. किती वेळ आणि किती नाखुशीनं, ते अक्का सांगतात. गेल्या शनिवारी माझा गंधार सारखा पुढं जात होता. अक्का पानाचा डबा उघडून बसल्या, सुपारी कातरता कातरता तेच ऐकत राहिल्या. “अलीकडं. अजून अलीकडं. तो मागं लागलाय तुझ्या, त्याला येऊ दे, तू जाऊ नको.” मी पुन्हा ओढली.

“आत्ता आला,” त्या म्हणाल्या. “घे, पुढची ओळ.”